जात्यातला खडा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या घरातला कॉफी ग्राइंडर अडला. बटण दाबले की नुसता हुंकार, पूड काही पडेना. जिथून घेतला होता तिथे फोन केला, तर उत्तर आले, "वॉरंटी संपली आहे, नवीनच घ्या." म्हटले, फेकण्याआधी उघडून तर पाहू. प्लग काढला, वरच्या भांड्यातले दाणे ओतून घेतले, वरची दातेरी चकती आटे सोडवून बाहेर काढली. आत तेलकट पुडीच्या थराखाली, दोन दात्यांच्या मध्ये, तुरीच्या दाण्याएवढा खडा रुतून बसला होता.

तो खडा हातात घेतला आणि आजीचे जाते आठवले. धान्य सुपात पाखडून, खडे निवडून झाल्याशिवाय ती जात्यात वैरण घालू देत नसे. पिठासाठी दळायचे असेल तर जाते तसेच. पण डाळ भरडायची असेल तर खालच्या तळीच्या मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळायची. वरची तळी केसभर उचलली जाई आणि पिठाऐवजी भरडा पडे. माझ्या ग्राइंडरवरचे आकडे कोरलेले कडे हेच काम करते: दोन चकत्यांमधले अंतर कमी-जास्त करते.

दळण्याच्या इतिहासात हे अंतर हाती येणे ही मोठी पायरी आहे. पाटा-वरवंटा आणि खलबत्ता फार जुने, पण त्यांत बारीक-जाडाचा हिशेब मनगटात असतो. गोल फिरणारे जाते त्या मानाने अलीकडचे. सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी काही स्पेनमध्ये सापडले आहेत, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. त्यात बारीक-जाड ठरवते ती दोन दगडांमधली फट.

कॉफीनेही हाच प्रवास केला. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी ती पीत. अरबस्तानात भाजलेले दाणे खलबत्त्यात कुटत. बदाऊंच्या तंबूतला त्या कुटण्याचा ताल म्हणजे पाहुण्यांना आमंत्रणच. सोळाव्या शतकात कॉफी इस्तंबूलला पोचली. तुर्की कॉफीत पूड कपातच राहते, म्हणून ती अगदी वस्त्रगाळ लागते. त्यासाठी पितळेच्या नळकांडीसारख्या हातचक्क्या आल्या. फ्रान्समध्ये 1840 साली प्यूजो कुटुंबाच्या कारखान्याने कॉफीची हातचक्की बाजारात आणली. मोटारी त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी केल्या. अशा चक्कीत वरचे मोठे दाते दाणा फोडतात आणि खालचे बारीक दाते तो दळतात.

हातचक्कीत खडा आला तर दांडा अडतो. हाताला कळते, आपण दांडा उलटा फिरवतो, खडा काढतो. आजीही जात्याचा आवाज बदलला की खुंटा सोडून द्यायची.

एस्प्रेसोने हे नाते बदलले. 1901 मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी आपल्या यंत्राचे पेटंट मागितले. त्यात वाफेचा दाब पाणी ढकलत असे, पण तो बेताचाच. आकिल्ले गाज्जा यांनी 1938 मध्ये वेगळ्या पद्धतीचे पेटंट नोंदवले आणि युद्धानंतर त्यांची दांड्याची यंत्रे आली. दाब कितीतरी वाढला आणि कपावर सोनेरी साय धरू लागली. 1961 च्या फाएमा ई-61 ने हा दाब विजेच्या पंपावर नेला. आज नऊ बार हे प्रमाण मानले जाते. एवढ्या दाबाखाली जाड पुडीतून पाणी धो धो निघून जाते. ते साधारण पंचवीस-तीस सेकंद अडून राहायचे, तर पूड फार बारीक आणि एकसारखी हवी. म्हणजे चकत्या जवळजवळ टेकलेल्या हव्यात. कॅफेतल्या ग्राइंडरला मोठ्या चकत्या आणि दमदार मोटार असते. घरी तेच काम लहान मोटारीकडून करून घेतो, आणि अडल्याचे हाताला कळते तसे मोटारीला कळत नाही.

म्हणून घरचा ग्राइंडर अडतो तो बहुधा चार कारणांनी. खडा. मोटार बंद असताना, आत दाणे असताना, कडे एकदम बारीककडे फिरवणे. काळपट भाजलेल्या दाण्यांच्या तेलाने पूड बाहेर पडण्याच्या वाटेत धरलेले लिंपण. आणि हलके भाजलेले टणक दाणे, जे लहान मोटारीला जड जातात. पुन्हा पुन्हा बटण दाबत बसले तर मोटार जळते. प्लग काढावा, भांडे रिकामे करावे, कडे जाडकडे फिरवून पाहावे. तरीही अडले तर वरची चकती काढावी, पण आधी ती कुठे बसली होती त्याची खूण करावी. कोरड्या ब्रशने आणि लाकडी काडीने झाडावे. पाणी लावू नये. बसवताना आटे तिरके चढू देऊ नयेत. पुढे बारीक करायचे ते मोटार चालू असताना, थोडे थोडे.

माझा ग्राइंडर अर्ध्या तासात सुरू झाला. एका दात्याचा टवका उडाला आहे, पण कॉफी चांगली येते. कॉफीची फळे बऱ्याच ठिकाणी अंगणात, जमिनीवर वाळवतात. आपल्या खळ्यावरच्या धान्यासारखेच खडे त्यांच्याबरोबर येतात. आता दाणे भांड्यात घालण्याआधी मी ते ताटात पसरून एकदा बोट फिरवतो. मुलगी हसते. खडा मी खिडकीत ठेवला आहे. एकदा तिने विचारले, आजीच्या जात्यातून पीठ कसे पडायचे, आणि मी तिला दोन ताटल्या एकमेकींवर फिरवून दाखवल्या.