दीर्घिकांमधील विरळ प्रकाश

अरुंधतीकेश राशीतील दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी, रिक्त मानल्या गेलेल्या प्रदेशातही अत्यंत मंद तेज पसरलेले आहे, असे पालोमार वेधशाळेत वेध घेणाऱ्या फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५१ साली जाहीर केले. आणि दीर्घिकांना जोडणारे जे प्रकाशसेतू छायाचित्रांत आढळत होते, ते परस्परांच्या आकर्षणाने ओढून काढलेल्या ताऱ्यांचे आहेत, असेही प्रतिपादन त्यांनी त्याच दशकात केले. परंतु केवळ गुरुत्वाकर्षणातून इतके निमुळते, लांबलचक धागे निघतील, हे पुष्कळ विद्वानांना पटेना, आणि काहींचा कल चुंबकीय क्षेत्रांचा आधार शोधण्याकडे राहिला.

वास्तविक या वादातला मोलाचा पुरावा दहा वर्षांपूर्वीच दाखल झालेला होता. प्रकाशाची तीव्रता गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, एवढे एकच साम्य हाताशी धरून स्वीडनमधील लुंडच्या एरिक होल्मबर्ग यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७, असे एकूण ७४ विजेचे दिवे मांडले, प्रत्येक दिव्याच्या जागी पडणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटाने मोजून तेवढे तेथील आकर्षण मानले, आणि त्या हिशेबाने एकेक दिवा पुढे सरकवीत, जवळून जाणाऱ्या दोन दीर्घिकांत भरती कशी उसळते व त्या एकमेकींच्या बंधनात कशा सापडू शकतात, हे १९४१ साली दाखवून दिले. संगणकापूर्वीच्या खगोलशास्त्रात या कष्टांच्या तोडीचा दुसरा प्रयोग मला दिसत नाही. १९७२ साली आलार व युरी टूम्रे या बंधूंनी संगणकावर गणित मांडल्यावर, सेतू आणि शेपट्या गुरुत्वाकर्षणानेच निर्माण होऊ शकतात, याविषयी शंकेला फारशी जागा उरली नाही.

राहिला प्रश्न त्या खुणा दिसण्याचा. हे तेज पुष्कळ ठिकाणी चंद्रहीन, निरभ्र रात्रीच्या आकाशाच्या उजेडाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे तो उजेड कसोशीने वजा केल्याखेरीज ते हाती लागत नाही. शिवाय आपल्याच आकाशगंगेतील धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करून तसाच आभास निर्माण करते. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी छायाचित्राच्या काचेवरील लेपाच्या पृष्ठभागालगतचे कण तेवढेच प्रतीत उतरविण्याची रीत बसविली, आणि डेव्हिड कार्टर यांच्यासह १९८० साली लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची विरळ कवचे उघड केली. पुढे काचेची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली. ख्रिस मायहोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी किट पीकवरील बरेल श्मिट दुर्बिणीने घेतलेले कन्या राशीतील समूहाचे चित्र २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन लाख प्रकाशवर्षांहून लांब असे ताऱ्यांचे प्रवाह नोंदले गेले आहेत.