अकरा ओळींची आज्ञावली

२२ मार्च २०१६ रोजी जगभर वेबपाने रचणाऱ्यांची एकाएकी तारांबळ उडाली. नावाच्या वादावरून रागावलेल्या एका लेखकाने आपल्या आज्ञावल्या एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतल्या होत्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या अकरा ओळींची; मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच तिचे काम! पण ‘बाबेल’सारखी मातब्बर आज्ञावली ‘लाइन-नंबर्स’च्या आधारे चाले, आणि ती या चिमुरडीच्या. बाबेल वापरणाऱ्या कितीकांनी तिचे नावही ऐकले नव्हते! काही तासांत ती परत ठेवली गेली, तेव्हा कामे सुरू झाली.

असली नाती चित्रात काढण्याची विद्या मात्र जुनी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ग्राफविझ’ घडले. कोण कोणावर अवलंबून एवढे सांगावे. ते पिढीवार मांडणी करते, बाण काढते, रेषांची गुंतागुंत होईल तितकी टाळते. त्याच्याच बळावर ‘मॅज’ हे साधन वेबपानांच्या आज्ञावल्यांचा वंशवृक्ष काढते. नातूच आजोबांचा बाप निघाला, तर तेही पकडते. आणि असे घोटाळे या घराण्यांत बरेच! मात्र भांडारातून आणलेली मंडळी ते सांगितल्यावाचून दाखवीत नाही. दाखवली तरी पहिल्याच पिढीची. लेफ्ट-पॅड त्याहून कितीतरी खाली बसली होती.