ठाण्याची चिठ्ठी, कैरोची अडगळ

इसवी सनाच्या बाराव्या शतकांत ठाणें ही उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांची राजधानी होती आणि भरभराटलेलें बंदरहि. उल्हास नदीच्या वरच्या अंगास असलेलें कल्याण त्याहून जुनें. कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत अद्यापि पाहावयास मिळतात. दगडावर कोरलें तें राहिलें, तांब्यावर कोरलें तेंहि राहिलें. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां अरिकेसरी राजाचा शके ९३९चा ताम्रपट हातीं आला. पण राजाचें दान तांब्यावर जातें, व्यापाऱ्याचा हिशेब जात नाहीं. तो ताडपत्रावर वा कागदावर लिहिला जाई, आणि कोंकणांतला पाऊस व वाळवी यांनीं त्यांतलें कांहीं शिल्लक ठेविलें नाहीं.

ठाण्याच्या त्या व्यापाराचा एक कागद मात्र वांचला. तो ठाण्यांत नव्हे, इजिप्तमध्यें, जुन्या कैरोंतील बेन एझ्रा या ज्यू प्रार्थनामंदिरांत.

ज्या लेखांत देवाचें नांव आहे तो जाळूं वा फाडूं नये, जीर्ण झाला म्हणजे एका जागीं ठेवावा आणि पुढें माणसाप्रमाणें त्याचें दफन करावें, अशी ज्यू धर्माची चाल आहे. त्या जागेस गनिझा म्हणतात. तेथील मंडळी इब्री लिपींतला जवळजवळ हरएक कागद, मग तो प्रार्थनेचा असो वा उधारीचा, तिच्यांत टाकीत गेली. दफन करण्याचें मात्र शतकानुशतकें राहून गेलें. हयगयीनें इतिहासावर एवढे उपकार क्वचितच केले असतील! त्यांत इजिप्तची हवा कोरडी. १८९६ सालीं ॲग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनीं आणलेलें एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांनीं ओळखलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते कैरोस गेले. या संग्रहाचे सुमारें १,९३,००० तुकडे आज केंब्रिजच्या ग्रंथालयांत आहेत. त्यांतील हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रें जुळविण्यांत श्लोमो गोइटाइन यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं.

त्यांपैकीं एक पत्र एडनच्या महरूज नांवाच्या नाखुद्याचें आहे. भाषा अरबी, अक्षरें इब्री. त्याचा मेहुणा अबू झिक्री हा चांच्यांच्या हातीं सांपडला होता आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर अडकून पडला होता. महरूज त्यास कळवितो कीं, सोनें लागल्यास माझ्या नांवें तिंबू नाखुद्याकडून घ्यावें. तो ठाण्यांत राहतो आणि आम्हां उभयतांचा सख्ख्या भावांसारखा स्नेह आहे. तिंबू हें नांव ज्यू वा अरबी दिसत नाहीं. हा गृहस्थ हिंदीच असावा. कोळीवाड्यांत ज्यास आजहि नाखवा म्हणतात, त्याच पदवीचा हा ठाणेकर. परधर्माच्या, परमुलखाच्या माणसाच्या एका शब्दावर तो सोनें मोजून देईल, असा त्याचा लौकिक समुद्रापार होता. ठाण्याच्या एकाहि शिलालेखांत हें कळावयाचें नाहीं.

ठाण्यांत पुढें नांदलेला मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज या पत्रव्यवहारांतला नव्हे. तो कुलाब्याच्या खेड्यांतून तेल गाळीत वर आला आणि १८७९ सालीं त्यानें ठाण्यांत आपलें प्रार्थनामंदिर बांधलें. मात्र कागदाची चिंता त्यासहि होतीच. किंबहुना अधिक, कारण कोंकणच्या मातींत पुरलेला कागद दुसरा पावसाळा पाहत नाहीं. १९४८ नंतर या समाजांतील बहुतेक घरें इस्राएलला गेलीं, तेव्हां सामानाबरोबर काय न्यावें आणि काय टाकावें हा प्रश्न प्रत्येक पेटीपुढें उभा राहिला असेल. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला होता. तो चाळीस वर्षें हस्तलिखितच राहिला. १९३६ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या तो दृष्टीस पडला आणि त्यांनीं १९३७ सालीं तो तेल अवीव येथें छापविला. तोंवर केहिमकर हयात नव्हते.