परभणीकडची हायस्कुले

गावाचे वय कशावरून मोजावे? कोणी देवळातल्या शिलालेखावरून मोजतात, कोणी वेशीच्या दगडांवरून, कोणी बाजारपेठेवरून. मराठवाड्यातल्या गावांपुरते बोलायचे, तर त्यांचे नवे वय हायस्कुलावरून मोजावे असे मला वाटते. कारण या भागात हायस्कूल म्हणजे केवळ मुलांना पास-नापास करण्याचे ठिकाण नव्हते. गावाला चार माणसांनी एकत्र यावयास, वर्तमानपत्र वाचावयास, भाषण ऐकावयास आणि आपल्या भाषेत मोठ्याने बोलावयास मिळालेली ती पहिली जागा होती.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले १८८० साली. परभणी जिल्ह्यातल्या सेलूस नूतन विद्यालय निघाले १९३९ साली. मध्ये एकोणसाठ वर्षे गेली. एवढ्या अवधीत एक पिढी शाळेत जाऊन, नोकरी करून, पेन्शन घेऊन घरी बसते. मग गोदाकाठच्या लोकांना विद्येची आवड नव्हती काय? तसे म्हणवत नाही. गंगाखेड ही जनाबाईची भूमी. नामदेवांचे नरसी त्या काळी याच जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. जिंतूरजवळची बोरी भास्करभट्ट बोरीकरांच्या नावाने मराठीच्या पहिल्या कवींत जाऊन बसली आहे. जेथल्या दळणकांडण करणाऱ्या दासीने सातशे वर्षांपूर्वी अभंग रचले, तेथे अक्षरांची भूक नव्हती असे कोण म्हणेल? अडचण भुकेची नव्हती, ताटात काय वाढले जाते याची होती.

हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दरबारातून फारशी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली. कचेरी उर्दूत, फिर्याद उर्दूत, जमिनीचे कागदही उर्दूत. मग शाळा वेगळी कशी राहणार? प्राथमिक शाळेचे नाव मदरसा तहतानिया, मधल्या शाळेचे वस्तानिया, आणि हायस्कुलाचे फौकानिया. खालच्या वर्गांत मराठीला वाव असे. पण मुलगा एकेक पायरी वर चढू लागला, की मराठी एकेक पायरी मागे राही. भूमितीतला त्रिकोण तेथे ‘मुसल्लस’ होई, कोनाचा ‘जाविया’ होई आणि वर्तुळाचा ‘दायरा’. बीजगणित म्हणजे ‘जब्र-ओ-मुकाबला’, इतिहास म्हणजे ‘तारीख’, भूगोल म्हणजे ‘जुगराफिया’. फी भरायची हाली सिक्क्यात, तारीख लिहायची फसली सनाची. जगात १९४७-४८ साल चालू असताना या शाळांच्या फळ्यावर १३५७ फसली होते, आणि महिने होते आजूर, दै, बहमन. घरी कार्तिक, शाळेत आजूर!

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९१७ साली निजामाने उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान काढले आणि पुढच्या वर्षी विद्यापीठ उघडले, तेव्हा त्यामागचा विचार त्या काळाच्या फार पुढचा होता. इंग्रजीखेरीज उच्च शिक्षण होऊच शकत नाही असे मुंबई-कलकत्त्याचे पंडित मानीत होते, त्या वेळी हैदराबादने पदार्थविज्ञान आणि वैद्यक एका हिंदी भाषेत शिकवून दाखविले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले, शेकडो पारिभाषिक शब्द घडविले. आपल्या भाषेत शिकावे हे तत्त्व त्यांनी बिनचूक ओळखले. चुकले ते इतकेच, की ‘आपली’ म्हणजे कोणाची हा प्रश्न त्यांनी प्रजेला विचारला नाही. संस्थानात निम्म्याच्या आसपास माणसे तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी आणि दहांत एखादा कानडी. उर्दू घरी बोलणारेही दहांत एकच. तत्त्व सर्वांसाठी खरे होते. त्याचा लाभ मात्र एका भाषेला मिळाला.

आणि उर्दूनेही आपले काही दिले नाही असे नाही. त्या शाळांतून निघालेल्या मराठी माणसांच्या जिभेवर जी अदब आली, शेरांची जी गोडी लागली, ती जन्मभर टिकली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू काव्य मराठी वाचकांच्या ओसरीवर आणून ठेवले, ते याच मातीतून. भांडण उर्दूशी नव्हते. आईला घराबाहेर उभी करून मावशीला पाटावर बसविले, याचे दुःख होते. मावशी वाईट होती असे कोणीच म्हणत नव्हते.

ज्यांना परवडे ते मुलांना दूर पाठवीत. सातोन्याचा भगवान रघुनाथ कुलकर्णी हा मुलगा असाच हैदराबादला गेला आणि तेथील विवेकवर्धिनी शाळेतून मॅट्रिक झाला. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही राजधानीतल्या मराठी माणसांचा मोठा आधार होती. पुढे शिक्षण थांबले, बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली, आणि आयुष्य परभणीस गेले. हेच आपले बी. रघुनाथ. दिवसा खात्याची कागदपत्रे आणि रात्री कविता, कथा, ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी. ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी कचेरीतच काम करताना त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या मुलखात जवळ मराठी शाळा असती, तर त्यांच्यासारखे आणखी किती निघाले असते, हा विचार मनातून जात नाही. हैदराबादला जाऊ न शकलेल्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

म्हणून गावोगावच्या लोकांनी आपणच शाळा काढावयाचे मनावर घेतले. औरंगाबादेस सरस्वती भुवन १९१५ साली उभे राहिले, अंबाजोगाईस योगेश्वरी १९१७ साली. १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्यासारख्या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. याच हिप्परग्याला व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण मुख्याध्यापक आले, तेथेच त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरीत गेले आणि १९३८ साली शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात पडले. संस्थानच्या मुक्तिलढ्याचा सेनापती शाळामास्तर होता, ही गोष्ट योगायोगाची नाही.

सेलूची शाळा या मालिकेतली. सेलू हे काही जिल्ह्याचे ठाणे नव्हे. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली आणि तिच्या काठाने सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावे जागी झाली. कापसाचा बाजार वाढला, आडत दुकाने आली. आगगाडीने कापूस बाहेर नेला आणि बाहेरची वर्तमानपत्रे आत आणली. अशा पेठेत व्यापारी, वकील, देशमुख, शेतकरी एकत्र येऊन शाळेचा विचार करू शकत होते. सालही पाहण्यासारखे आहे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी औरंगाबाद-हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. या धामधुमीच्या दुसऱ्या वर्षी सेलूस विद्यालय निघते, ही नुसती गावची हौस कशी म्हणावी?

आता शाळेतल्या कार्यक्रमांविषयी. आजच्या पालकाला स्नेहसंमेलन म्हणजे मुलांची करमणूक वाटते, आणि वक्तृत्व म्हणजे एखादे बक्षीस. त्या काळी तसे नव्हते. गश्ती निशाण ५३ या हुकुमाने संस्थानात सभा भरविण्यावर परवानगीची बेडी घातली होती. साधे व्याख्यान ठेवायचे तरी अर्ज करा, विषय कळवा, आणि उत्तराची वाट पाहा. सभेचे दार असे अडले, की माणसे दुसरी वाट शोधतात. गणेशोत्सव, ग्रंथालय, भजनी मंडळ, आखाडा आणि शाळेचे संमेलन या त्या वाटा होत्या. मुलाचे भाषण ऐकावयास बाप येई, बापाबरोबर शेजारी येई, आणि कोणीही सभा न बोलावता सभा भरे. टिळकांवर किंवा शिवाजी महाराजांवर पाठ केलेले दहा ओळींचे भाषण तेथे केवळ पाठांतर राहत नसे. हस्तलिखिताच्या पानावर मुलगा कविता लिही, तेव्हा त्याच्या भाषेला प्रथमच कागद मिळे. खो-खो, हुतूतू आणि लेझीम यांनी अंगात जी शिस्त येई, ती पुढे वेगळ्याच कामी आली.

ती कशी कामी आली हे १९४७ साली दिसले. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याचा दिवस पाळला, आणि पुढच्या महिन्यांत विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, वकिलांनी कोर्टे सोडली. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याच्या छावण्या पडल्या. रझाकारांच्या भीतीने गावे ओस पडली. त्या वर्षी कित्येक मुलांचे शिक्षण बुडाले ते बुडालेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. आपण त्या दिवसाचा हिशेब लढलेल्यांच्या नावांनी करतो, तो योग्यच आहे. पण बुडालेल्या वर्षांचा हिशेबही कोठेतरी मांडला पाहिजे.

त्यानंतरचे काम कमी कठीण नव्हते. मराठी माध्यम मिळाले, पण मराठीतून गणित आणि विज्ञान शिकवील असा शिक्षक कोठून आणायचा? जो होता तो स्वतःच ‘मुसल्लस’ शिकलेला. त्याने रात्री त्रिकोण शिकावा आणि सकाळी शिकवावा, असे दिवस. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा पुन्हा अभ्यासक्रम बदलला, परीक्षा बदलली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि परभणीच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरण्याचे कारण उरले नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. जुनी सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. म्हणूनच मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुले जितकी दिसतात, तितकी पश्चिम महाराष्ट्रात दिसत नाहीत. कालच्या फौकानियाच्या भिंतींतच ही शाळा भरू लागली.

या भागात मास्तराला केवढा मान होता हे पाहायचे असेल, तर नरहर कुरुंदकरांकडे पाहावे. जन्म १९३२ सालचा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरचा, शाळा वसमतची. इंटरच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले, पण नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कुलात शिकवीत असतानाच महाराष्ट्रातले जाणते लोक त्यांचे म्हणणे कान देऊन ऐकू लागले. पदवी मागाहून आली. हायस्कुलातला शिक्षक हा गावाचा विचारवंत असू शकतो, असे मानणाऱ्या समाजातच हे घडते.

आज परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत आणि हायस्कूल नाही असे मोठे गाव शोधावे लागेल. सेलूचे विद्यालय आपल्या नावानिशी चालू आहे. पण त्याच गावांत दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. शेतकऱ्याचा मुलगा सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, आणि घरी अभ्यास घेणारे कोणी नसते, कारण पुस्तक आईला वाचता येत नाही. यात कोणाचे फर्मान नाही; बापाने पोटाला चिमटा घेऊन, मुलाचे भले व्हावे म्हणून हे केले आहे. त्याला दोष देणे सोपे आहे. नोकरीच्या दारावर कोणती भाषा लिहिली आहे हे त्याला दिसते, जसे त्याच्या आजोबाला कचेरीच्या दारावर दिसत होते.

तरी आजोबाची गोष्ट त्याला कळावी. नव्वद वर्षांपूर्वी दाराबाहेरच्या भाषेला न नाकारता घरातल्या भाषेसाठी लोकांनी पदरमोड करून वर्ग बांधले, कारण मुलाला जे कळत नाही ते घोकून तो मोठा होत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. इंग्रजी चांगली शिकवा, उर्दूही शिकवा. पण त्रिकोण आधी त्रिकोण म्हणून कळू द्या. दिवाळीत घरी आलेल्या नातवंडांना घेऊन गावच्या जुन्या शाळेवरून एक फेरी मारावी. कुलूप असेल, पटांगणात गवत असेल. ही भिंत कोणी व कशासाठी बांधली हे त्यांना सांगावे, आणि ते त्यांच्या आजीला समजेल अशा भाषेत सांगावे.