मुल्लानपुरातला अननस

मुल्लानपूरला राहायला आल्यापासून अननस चंदीगडच्या सेक्टर 26 च्या मंडीतून आणते. देठाशी नाक नेलं की सावंतवाडीचं परडं आठवतं. इथल्या थंडीत, धुक्यात अननसाचं पीक होत नाही; तो दूरच्या ट्रकमधूनच येतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे फळ नावासकट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलं. पण जहांगीराने लिहून ठेवलंय, आग्र्याच्या गुल-अफशान बागेत दरवर्षी हजारो अननस निघत! उत्तरेतल्या त्या माळ्यांचं मला फार कौतुक वाटतं. कडाक्याच्या थंडीत त्यांनी ती रोपं कशी जपली असतील?

पुढे अननस दमट मुलखातच रुजला. केरळच्या वाळकुळम अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्रिपुराने 2018 मध्ये क्वीन अननसाला राज्यफळ केलं.