परमुलखांतला पहिला दिवस

विद्येसाठीं परदेशीं जाणें म्हटलें कीं आगबोट, दूरचें बंदर आणि अपरिचित भाषा हीं डोळ्यांसमोर उभीं राहतात. १९३८ सालच्या अखेरीस मात्र हैदराबाद संस्थानांतले शेंकडों विद्यार्थी एकहि समुद्र न ओलांडतां परमुलखास पारखे झाले. त्यांतील अनेकांचा परदेश म्हणजे नागपूर.

नागपुरास परदेश म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून देगलूरसारख्या गांवाची त्या काळची स्थिति ध्यानांत घ्यावी. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसलेलें हें गांव गुंडामहाराजांच्या परंपरेमुळें वारकऱ्यांस सुपरिचित. घरांत मराठी, बाजारांत तिच्या जोडीला तेलुगू आणि कानडी, कचेरींत उर्दू. नाणें निजामाचें हाली, सरकारी कागदावरचें वर्ष फसली. उच्च शिक्षण हवें तर मुख्य वाट ही : १९१८ सालीं स्थापन झालेलें हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ, किंवा औरंगाबादेस असलेलें त्याचें इंटरमीजिएट कॉलेज. तेथें इंग्रजी हा विषय सक्तीचा असला तरी बाकीचें ज्ञान उर्दूंतून मिळे. गणित म्हणजे रियाजी, रसायनशास्त्र म्हणजे कीमिया. भारतीय भाषेंतून विद्यापीठाचें शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हें मान्य केलेंच पाहिजे. पण बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी वा कानडी होती, आणि तिच्या दृष्टीनें उर्दूहि कष्टानें शिकावयाचीच भाषा होती.

१९३८ च्या ऑक्टोबरांत स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरांत औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनीं मनाई केली, मुलांनीं संप पुकारला, आणि शेंकडोंचीं नांवें पटावरून उतरलीं. ही शिक्षा एका वर्षाची नव्हती. संस्थानांत दुसरें विद्यापीठच नसल्यामुळें एक दार मिटलें कीं सारीं मिटलीं. शेतीच्या उत्पन्नांतून मुलास शिकविणाऱ्या बापाची उमेद त्या दारांत अडकून पडली. अशा वेळीं नागपूर विद्यापीठानें, कुलगुरु केदार यांच्या पुढाकारानें, या मुलांना प्रवेश दिला.

काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग सुमारें दहा वर्षांपूर्वीं पुरा झालेला असल्यानें हैदराबादेहून नागपूर सरळ गाठतां येई. बल्लारशापाशीं वर्धा नदी ओलांडली कीं संस्थानची हद्द संपे. पलीकडे हाली रुपयाची सद्दी संपून कलदार लागे, आणि शंभर कलदारांसाठीं सुमारें एकशें सतरा हाली मोजावे लागत. घरून आणलेल्या पैशाचा सातवा हिस्सा असा हद्दीवरच विरघळे. वर्गांत पाऊल टाकतांच दुसरी अडचण उभी राही : पुस्तकें इंग्रजी, आणि पाठ केलेल्या उर्दू संज्ञा निरुपयोगी. परंतु वर्गाबाहेर, दुकानांत, खाणावळींत मराठी कानीं पडे. स्वतःच्या राज्याच्या राजधानींत मराठवाड्याच्या मुलाला जी भाषा मागें ठेवावी लागे, ती परमुलखांत त्याला उघड भेटे.

सोबतच्या तेलुगू मुलांना तोहि आधार नव्हता. त्यांपैकींच एक, वरंगळकडील पी. व्ही. नरसिंहराव, नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन पुढें १९९१ सालीं देशाचे पंतप्रधान झाले. मराठी त्यांनीं इतकी आपलीशी केली कीं हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीं तेलुगूंत उतरविली.

१९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ, आणि १९९४ सालीं नांदेडासच स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ झालें. देगलूरच्या विद्यार्थ्याला पदवीसाठीं आतां नाणें बदलावें लागत नाहीं कीं हद्द ओलांडावी लागत नाहीं. ही सोय आपोआप झालेली नाहीं. ज्यांचीं नांवें पटावरून उतरलीं, त्या मुलांनीं तिचें मोल आगाऊ चुकतें केलें आहे.