शिकागोचे ग्रंथालय आणि मराठीचे कोश

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली. आजचा मराठी भाषेचा अभ्यासक पुण्यात असो, नांदेडात असो वा लंडनमध्ये. या कोशात एखादा शब्द पाहण्याची वेळ आली म्हणजे तो जाडजूड ग्रंथ उघडण्याऐवजी पुष्कळदा शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर ठेवलेली त्याची प्रत उघडतो. मुंबईत छापलेला कोश अमेरिकेतील एका विद्यापीठात जातो आणि तेथून पुन्हा मराठी वाचकाच्या मेजावर येतो, हा प्रवास आता इतका अंगवळणी पडला आहे की तो का व कसा घडला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः त्याचा प्रारंभ भाषाप्रेमातून झालेला नाही. तो गव्हाच्या व्यापारातून झाला.

१९५४ साली अमेरिकेने केलेला सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० हा भारतात ‘पी. एल. ४८०’ या नावाने सर्वतोमुखी झाला होता. या कायद्यान्वये अमेरिकेतील शिलकी धान्य मित्रराष्ट्रांना विकले जाई आणि त्याची किंमत त्या त्या देशाच्या चलनात घेतली जाई. भारतात अशा रीतीने अमेरिकेच्या खात्यावर रुपयांचा प्रचंड साठा झाला. त्याचा विनियोग मुख्यतः भारतातच करावयाचा असल्याने तो कसा खर्च करावा हा प्रश्न पडला. १९५८ च्या दुरुस्तीने त्यातील काही भाग ग्रंथखरेदीसाठी वापरण्याची अनुज्ञा मिळाली आणि १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय दिल्लीत उघडले. भारतातील विविध भाषांमधील प्रकाशने तेथे खरेदी होत व निवडक अमेरिकन विद्यापीठांना त्यांचे संच रवाना होत. शिकागो हे त्यांपैकी एक. ग्रंथपालाने सूची पाहून एकेक पुस्तक मागवावे, ही पूर्वापार पद्धत येथे मोडली. पुस्तके आधी आली. त्यांचा वाचक मागाहून निर्माण झाला. या क्रमाला विद्वत्तेच्या इतिहासात फारशी प्रतिष्ठा नाही, परंतु परदेशातील मराठीच्या अभ्यासाला त्याने जे दिले ते नाकारता येणार नाही.

अशा राशीत सुव्यवस्था आणण्याचे काम सूचीकारांचे. शिकागोच्या दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथसूचीकार मॉरीन पॅटरसन या स्वतः महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक होत्या, हा मराठीच्या दृष्टीने एक सुयोगच म्हटला पाहिजे. दक्षिण आशियाई संस्कृतींवरील त्यांची विस्तृत ग्रंथसूची १९८१ साली प्रसिद्ध झाली. मात्र सूचीकरणात लिपीची एक अडचण प्रारंभापासून होती. अमेरिकन ग्रंथालयांच्या नोंदी रोमन लिपीत होत आणि त्यासाठी ठरविलेल्या लिप्यंतराच्या नियमाप्रमाणे व्यंजनातील अनुच्चारित ‘अ’ देखील लिहावा लागे. परिणामी ‘यशवंत’ हे नाव ‘यशवन्‌त’ असे न राहता प्रत्येक अकार उच्चारल्यासारखे ‘यशवंता’च्या जवळपास जाई, आणि ‘शब्दकोश’ हा शब्द ‘शब्दकोशा’सारखा दिसे. लेखनाशी प्रामाणिक आणि उच्चाराशी विसंगत अशा या पद्धतीमुळे मराठी माणसालाच मराठी पुस्तक सापडू नये, असे प्रसंग येत. लिपी एक आणि भाषेचे उच्चारनियम दुसरे, ही गोष्ट सूचीच्या खणात जितकी स्पष्ट होते तितकी व्याकरणाच्या वर्गात होत नाही!

ग्रंथ जमविणे एक आणि ते इतरांना वापरू देणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीची परंपरा शिकागोत आधीच होती. अनेक ग्रंथालयांनी मिळून चालविलेले एक केंद्र तेथे १९४९ मध्ये स्थापन झाले होते. पुढे सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्याच्याच आश्रयाने १९६७ साली दक्षिण आशियाई साहित्याच्या सूक्ष्मपटांची सहकारी योजना सुरू झाली. तिचे तत्त्व साधे होते. दुर्मिळ वृत्तपत्राचा सूक्ष्मपट सर्वांनी वर्गणी काढून एकदाच करावयाचा आणि तो सर्वांनी वापरावयाचा. पुढील काळातील डिजिटल संग्रह म्हणजे याच विचाराचा विस्तार होय. केवळ नवीन यंत्र आले म्हणून तो उद्‌भवला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि ‘मूळ वस्तू कोठे राहावी’ या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मपटाने दिले नव्हते. ते एका तमिळ संग्रहाच्या निमित्ताने मिळाले. चेट्टीनाड भागातील कोट्टैयूर येथील रोजा मुथय्या यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, नियतकालिके, नाटकांच्या जाहिराती, पत्रके असे साहित्य जमविले होते. ते १९९२ साली निवर्तले. त्यांचा सुमारे एक लाख वस्तूंचा हा संग्रह शिकागो विद्यापीठाने १९९४ मध्ये विकत घेतला. एवढ्यावरच गोष्ट संपली असती तर ती लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयाच्या इतिहासाची पुनरावृत्ती ठरली असती. विकत घेणाऱ्याने संग्रह आपल्या घरी नेला नाही. तो चेन्नईतच ठेवून त्यासाठी तेथे संशोधन ग्रंथालय उभारण्यात आले, ग्रंथांचे जतन व सूचीकरण तेथेच झाले आणि परदेशी गेल्या त्या केवळ प्रतिकृती. जेम्स नाय या ग्रंथसूचीकारांच्या काळातील हा निर्णय शिकागोच्या पुढील सर्व कार्याची किल्ली आहे. वस्तू आणि तिचा मजकूर हे दोन वेगळे करता येतात. वस्तू आपल्या भूमीत राहू शकते आणि मजकूर सर्वांचा होऊ शकतो, ही समजूत त्यातून दृढ झाली. शतकभर आधी ती रूढ असती तर दख्खनच्या अभ्यासकांना लंडनच्या वाऱ्या कमी कराव्या लागल्या असत्या.

शिकागो विद्यापीठ व वर निर्दिष्ट केंद्र यांच्या सहकार्याने ‘डिजिटल साऊथ एशिया लायब्ररी’ विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आकारास आली. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या अनुदानातून तिच्या कोशयोजनेला चालना मिळाली. दक्षिण आशियातील सव्वीस आधुनिक साहित्यभाषांपैकी प्रत्येकीचा निदान एक कोश सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावा, असा तिचा संकल्प होता. ग्रंथालयाने आरंभ काव्याने नव्हे, इतिहासग्रंथांनीही नव्हे, तर कोशांनी करावा, यात मोठे शहाणपण आहे. कोश ही इतर सर्व वाचनाची पूर्वअट असते.

मराठीच्या वाट्याला या योजनेत जे आले ते पुष्कळ आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश, यशवंत रामकृष्ण दाते प्रभृतींचा १९३२ ते १९५० या काळात प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश, फलटणला स्थायिक झालेल्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३ चा मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश. यादवकालापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतची मराठी या पाच कोशांत मिळून एका जागी बसली आहे. त्याच ग्रंथालयात जोसेफ श्वार्ट्‌झबर्ग यांचा १९७८ चा ऐतिहासिक नकाशासंग्रह आहे आणि ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ नंतर मुद्रित केलेल्या ध्वनिमुद्रिकाही आहेत. सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ चा. त्यातील नमुने केवळ लेखी आहेत. ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र उपखंडातील शतकापूर्वीच्या बोलींतील हेल आणि आघात कानांवर पडतात. बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

कोश संगणकावर चढविणे म्हणजे पानांची छायाचित्रे घेणे नव्हे. मोल्सवर्थच्या एका पृष्ठावर देवनागरी आणि रोमन अक्षरे शेजारी शेजारी नांदतात. शब्दाचे लिंग, मूळ भाषा, अर्थच्छटा, म्हणी व वाक्प्रयोग एकाच परिच्छेदात दाटीने बसविलेले असतात. असे जुने छापील देवनागरी यंत्राने बिनचूक वाचावे, अशी त्या काळी स्थिती नव्हती. माणसाने अक्षर न्‌ अक्षर टंकित करणे आणि कोणता भाग शीर्षशब्द, कोणता अर्थ, हे खुणांनी दाखविणे एवढाच मार्ग होता. त्यातही अक्षरांना संकेतांक कोणते द्यावयाचे हा प्रश्न होताच. भारतीय लिप्यांसाठी भारताने १९८८ साली ठरविलेल्या संकेतावलीच्या आधारे युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी झाली. तथापि देवनागरी म्हणजे हिंदी, या गृहीतकाचा काच मराठीला पदोपदी झाला. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत अर्थभेद आहे आणि तो मराठी लेखन रफार व आडवा रकार यांनी दाखविते. युनिकोडमध्ये हा आडवा रकार ज्या ‘ऱ’पासून साधला जातो, तो मुळात द्राविडी भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी योजलेला आहे. मराठीची एक स्वतंत्र गरज अशी उसन्या अक्षरावर भागली. काम चालले हे खरे. परंतु मराठीतील ‘दऱ्या’ शोधणाऱ्याने तमिळच्या ‘र’काराचे ऋण मानावे, हा योग विलक्षणच.

मजकूर एकदा असा बांधला गेला की कोशाचा स्वभावच पालटतो. मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध करावयास थॉमस कँडी यांना स्वतंत्र परिश्रम घ्यावे लागले होते. आता मराठी-इंग्रजी कोशातील इंग्रजी अर्थांतही शोध घेता येतो. म्हणजे एकच ग्रंथ दोन्ही दिशांनी चालतो. मोल्सवर्थने ज्या शब्दांपुढे फारसी वा अरबी मूळ दर्शविणारे अक्षर घातले आहे ते सारे शब्द वेगळे काढून त्यांचे वर्गीकरण करणे, एखाद्या व्यवसायाशी निगडित शब्द अर्थावरून गोळा करणे, म्हणींची यादी करणे, ही कामे पूर्वी वर्षे खात; आता ती प्रबंधाचे एक प्रकरण म्हणून हाती घेता येतात. वर्णक्रमाच्या शिस्तीत कोंडलेली ही सामग्री मुक्त झाली, एवढ्या एका लाभासाठीही या उद्योगाचे स्वागत केले पाहिजे.

या लाभाच्या पोटातच एक धोका आहे आणि त्याची चर्चा विद्यापीठांतून व्हावी तितकी होत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनी व्युत्पत्तिदर्शक आणि अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, अंत्य इकार-उकार दीर्घ केले. मोल्सवर्थ त्यापूर्वी शतकभराचा. त्याच्या कोशात क्रियापदे ‘करणें’, ‘जाणें’ अशी सानुस्वार आहेत. ‘कवि’ आणि ‘मति’ ऱ्हस्वान्त आहेत. आजच्या विद्यार्थ्याने ‘नाव’ हा शब्द अक्षरशः जुळवून शोधला तर त्याला पाण्यावरची नाव मिळेल. माणसाचे नाव तेथे ‘नांव’ या रूपात आहे. छापील कोशात हे दोन्ही शब्द जवळपास येत, त्यामुळे शोधणाऱ्याची नजर सहज एकावरून दुसऱ्याकडे जाई. यंत्र मागितले तेवढेच देते. मिळाले नाही म्हणजे शब्दच नाही, असा निष्कर्ष काढणारे शोधनिबंध तयार होण्यास एवढे कारण पुरेसे आहे. मूळ लेखन बदलू नये हा ग्रंथालयाचा आग्रह योग्यच आहे. जुन्या आणि नव्या लेखनातील दुवा जुळविण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांचे होते. ते शिकागोने करावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे घरचे काम शेजाऱ्यावर टाकणे होय.

याहून गंभीर गोष्ट अर्थांची आहे. मोल्सवर्थने जाती, व्यवसाय, स्त्रिया, देवतार्चन यांविषयीच्या शब्दांचे जे अर्थ दिले ते कंपनी सरकारच्या काळातील एका इंग्रज अधिकाऱ्याने शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने दिलेले आहेत. ग्रंथ हाती घेणाऱ्यास त्याचे मुखपृष्ठ, साल आणि प्रस्तावना यांवरून हे आपोआप कळे. संगणकावर शोध घेणाऱ्यापुढे येते ती एक सुटी नोंद. तिला प्रस्तावना नसते. तिचे वयही तिच्या अंगावर उमटलेले नसते. १८५७ मधला अर्थ मग ‘मराठीतील अर्थ’ म्हणून उद्‌धृत होतो, आणि ज्या समाजाविषयी तो आहे त्याला विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे ग्रंथ हक्कांच्या बंधनातून मोकळे असल्यामुळे ते विनासायास सर्वांपुढे येतात. नव्या कोशांसाठी प्रत्येक हक्कधारकाची अनुमती लागते. म्हणून जुन्या मराठीची वाट रुंद आणि आजच्या मराठीची अरुंद, अशी उलटी परिस्थिती आहे. दलित साहित्याने, ग्रामीण कथेने, कारखान्यांनी आणि शेतीच्या नव्या अवजारांनी मराठीत आणलेले शब्द या पाच कोशांपैकी सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या दोन-तीन कोशांत सापडणार नाहीत, याचे कारण केवळ त्यांच्या सालात आहे.

शिकागोच्या संग्रहात प्रत्येक नोंदीबरोबर मूळ ग्रंथातील पृष्ठांक दिलेला असतो. नोंद उद्‌धृत करताना तो पृष्ठांक आणि आवृत्तीचे साल दोन्ही लिहावीत, आणि अर्थाविषयी वाद उद्‌भवल्यास वझे, दाते व बर्नसन या क्रमाने तोच शब्द पाहून त्याच्या अर्थात केव्हा पालट झाला हे नोंदवावे. एवढी शिस्त पदव्युत्तर वर्गांत लागली तर अशा शब्दांची एक टिपणवही एका वर्षातच तयार होईल. तिचा आरंभ ‘नांव’ या नोंदीपासून करण्यास हरकत नाही.